दोन तुकड्यांची परीक्षा

एका वृद्ध संशोधकाकडे एकदा एक व्यापारी आला. कापडासारख्या गुंडाळता येणाऱ्या सेंद्रिय सौरपट्ट्यांसाठी आपण नवा पारदर्शक थर बनवला आहे, असे तो म्हणाला. पट्टीवरचा हा थर उजेड आत सोडतो आणि तयार झालेली वीज बाहेर नेतो. व्यापाऱ्याने मेजावर दोन तुकडे ठेवले. एकावर ‘उजेडासाठी’ अशी चिठ्ठी होती, दुसऱ्यावर ‘विजेसाठी’. “आचार्य, आपली सही झाली की डोंगरातल्या वाड्यांना लगेच पट्ट्या पुरवतो,” तो नम्रपणे म्हणाला. नम्रता जरा जास्तच होती.

संशोधकाच्या शिष्याचे घर त्यांतल्याच एका वाडीत होते. तिथल्या दवाखान्यात अजून कंदिलावर बाळंतपणे होत. त्याने दोन्ही तुकडे आपापल्या चिठ्ठीप्रमाणे तपासले. निकाल उत्तम आला, तरी गुरुजी सही करीनात. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. गुरुजींनी स्वतः बनवलेला थर मागे नापास झाला होता. दुसऱ्याचे यश त्यांना बघवत नसेल का? चहा देतानाही तो त्यांच्याकडे तिरके पाहू लागला.

व्यापारी पुन्हा आला तेव्हा गुरुजींनी त्याच्यादेखत दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, एकीच्या जागी दुसरी चिकटवली आणि शिष्याला म्हणाले, “आता तपास.”

“अहो, असं कसं?” व्यापारी गडबडला. “ज्याचं काम त्यालाच द्यावं ना.”

शिष्याने तपासले. पहिल्या तुकड्यातून वीज जेमतेम सरकत होती. दुसऱ्याने उजेडच अडवला.

गुरुजी म्हणाले, “थर पातळ केला की उजेड आरपार जातो, पण विजेची वाट अरुंद होते. जाड केला की वीज धावते आणि उजेड अडतो. एवढं कुणालाही जमेल. पण पट्टीच्या तोंडावर एकच थर बसतो. दोन्ही परीक्षा त्या एकानेच द्यायच्या. शेटजी, तसा एक तुकडा आणा, मी आनंदाने सही करतो.”

व्यापाऱ्याने तुकडे गोळा केले आणि चहा न घेताच तो निघून गेला.

“सही केली असती तर पट्ट्या लागल्या असत्या,” गुरुजी म्हणाले, “आणि ऐन बाळंतपणात दिवा गेला असता.”

शिष्याने मान खाली घातली. “गुरुजी, मला संशय आला होता. पण तुमचा.”

“माझा घे की. थोडा त्याचाही घ्यायचास. तो तुला हवं तेच बोलत होता, म्हणून सुटला.”

मनासारखे बोलणाऱ्याची झडती आपण सहसा घेत नाही.