न हलणारा काटा

एकदा एक जुनी व्हॅन जिंतूर रस्त्यावरच्या गॅरेजात आली आणि काळा धूर ओकत उभी राहिली. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन. तिचा मालक मोतीराम वैतागलेला होता. पेट्रोल पाण्यासारखं जात होतं, आणि मागच्या बाकावरची मुलं खोकतात म्हणून चार आयांनी त्याला शाळेच्या फाटकातच धरलं होतं.

गॅरेज एका वृद्ध कारागिराचं. त्यांचं नाव कोणी घेत नसे, सगळे वस्तादच म्हणत. त्यांच्या हाताखाली अंकुश नावाचा शिष्य होता. हात चांगला, डोकं चांगलं, घाई मात्र फार. येत्या सोमवारी तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला निघणार होता, एकटाच. बायको सारिका त्याच्या आईजवळ राहणार होती.

दिवाळीच्या आधी त्यांचं पहिलं मूल जन्मताच गेलं. घरात ठरलं की तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही. कोणी काढला नाही. तिनेही नाही. कशी आहेस विचारलं की ती म्हणायची, बरी आहे. स्वयंपाक, पाणी, धुणं, सगळं वेळेवर. शेजारणी म्हणाल्या, पोरगी धीराची निघाली. अशी बाई लोकांना फार आवडते. तिचा कोणाला त्रास होत नाही ना. अंकुशनेही तेच खरं धरलं आणि बॅग भरायला काढली.

आता व्हॅनचं ऐका. गाडीच्या धुराच्या नळीत एक सेन्सर बसवलेला असतो. जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय, हे हुंगायचं त्याचं काम. जास्त उरला तर तो कळवतो, पेट्रोल कमी पडतंय. उरलाच नाही तर कळवतो, आता हात आवर. त्याच्या सांगण्यावर गाडी पेट्रोल कमीजास्त करते.

अंकुशने त्या सेन्सरच्या वायरीला काट्याचा मीटर लावला. काटा खालच्या बाजूला एका जागी स्थिर. इकडे नाही, तिकडे नाही. तो खूश झाला. सेन्सर ठणठणीत आहे म्हणाला आणि बाकीच्या कामाला लागला. प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले. गाडी चालू केली तर धूर होता तसाच.

मोतीराम म्हणाला, "हिच्या अंगावर सगळे कपडे नवे घातलेस रे बाबा, पण खोकला जुनाच आहे की."

तेवढ्यात वस्ताद आले. अंकुशने काय काय केलं ते त्यांनी ऐकून घेतलं. इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. गार गाडीला काही विचारू नये, ती खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडी चांगली तापली तेव्हा त्यांनी साफसफाईचा, पेट्रोलसारखाच जळणारा स्प्रे उचलला आणि इंजिन जिथून हवा ओढतं तिथे त्याची चिळकांडी मारली. गाडी गुदमरली, थरथरली, भसकन काळा लोट निघाला. मग त्यांनी हवेची एक बारीक नळी उपटली, तशी जादा हवा आत शिरली. गाडी सूं सूं करत धापा टाकायला लागली.

मोतीराम कळवळून म्हणाला, "वस्ताद, दुरुस्त करताय की जीव घेताय तिचा?"

अंकुशलाही काही उमजेना. आजारी गाडीला आणखी छळायचं कशाला? वस्तादांनी फक्त मीटरकडे बोट दाखवलं. गाडीचे एवढे हाल झाले, पण काटा जागचा हलला नव्हता.

मग त्यांनी स्वतःची गाडी सुरू केली. मीटर तिला लावला. तिचा काटा नुसत्या उभ्या गाडीतही वर-खाली, वर-खाली चाललेला. चिळकांडी मारली तर टुणकन वर गेला. नळी उपटली तर खाली आला.

वस्ताद म्हणाले, "बाळ, जिवंत सेन्सर कधी एका जागी बसत नाही. आत क्षणाक्षणाला काहीतरी बदलतं, ते त्याला लागतं, म्हणून तो हलतो. तू हलण्याला बिघाड समजलास आणि थांबण्याला तब्येत. व्हॅनच्या या सेन्सरवर काजळी बसत गेली. आता याला काही लागतच नाही. गाडी गुदमरली तरी हा एकच निरोप देतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडी आणखी ओतत राहते. गप्प आहे तो बरा आहे की विझलाय, हे लांबून बघून कळत नाही. जवळ जाऊन, थोडं हलवून बघावं लागतं."

नवा सेन्सर बसला. थोड्या वेळाने धूर निवळला. मोतीराम गाडी घेऊन शाळेकडे गेला.

अंकुश हात धूत होता. वस्तादांनी सहज विचारलं, "सूनबाई कशी आहे?"

"बरी आहे," अंकुश म्हणाला.

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालास. त्याच्या आधीही."

अंकुशच्या हातावरून पाणी नुसतंच वाहत राहिलं. वस्तादांनी नळ बंद केला. "सेन्सर बदलता येतो, बाळ," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी सारिका भाकरी थापत होती. अंकुश चुलीपाशी जाऊन बसला. कशी आहेस, असं त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "मला रोज त्याची आठवण येते. दवाखान्यातून मीच नेलं ना त्याला. कापड बाजूला करून तोंड बघायचं धाडस झालं नाही माझं."

सारिकाचे हात थांबले. मग तिने त्याला पिठाच्या हातांनी मारलं. छातीवर, खांद्यावर, लागेल तिथे. आज सुचलं का तुला, म्हणत मारलं. आवाज ऐकून सासू दारात आली आणि तिला आवरायला पुढे झाली, तर अंकुशने मानेनेच नको म्हटलं. तव्यावरची भाकरी जळाली. कोणी उतरवली नाही.

बऱ्याच वेळाने ती दमून त्याच्या खांद्याला टेकली.

"तुझे कान होते त्याला," ती म्हणाली. "असेच, पुढे आलेले. मी बघितलं होतं. मला कोणी विचारलंच नाही."

"सांग," तो म्हणाला.

मग ती सांगत राहिली. मधे रडली, मधे एकदा हसलीसुद्धा, आणि पुन्हा रडली. सासूही उंबऱ्यावर बसून ऐकत होती. सोमवारी अंकुश चाकणला गेला नाही.

तुमच्या घरात कोणी रोज एकाच सुरात बरं आहे म्हणत असेल, तर सुटलो म्हणून उठू नका. जवळ जाऊन बसा.