रिकाम्याहून रिकामं

रिकाम्या मडक्याहून रिकामं मडकं उद्या दरबारात हजर करा, नाहीतर तुमची शाळा बंद, असा हुकूम सावळगडच्या महाराजांनी मला फर्मावला. तो मी स्वतःच ओढवून घेतला होता.

मी नुकताच विलायतेहून शिकून आलो होतो आणि मला संस्थान सुधारायचं होतं. कुठून सुरुवात करावी हे ठरेना, म्हणून महाराजांच्या इंग्रजीपासून केली. पहिल्याच आठवड्यात त्यांना 'व्हेरी' हा शब्द सापडला आणि ते त्याच्या प्रेमातच पडले. आंबा व्हेरी गुड, कढी व्हेरी हॉट, दिवाण व्हेरी ओल्ड. विशेषणांना पायऱ्या असतात आणि महाराज त्या भराभर चढताहेत, असं मी भेटेल त्याला सांगत होतो.

मग बदकांच्या शिकारीला एक गोरा साहेब आला. तलाव आटलेला. महाराज ऐटीत म्हणाले, "लेक व्हेरी एम्टी."

तिथे गप्प बसतो तो मी कसला? मी खाकरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की काही विशेषणांना पायऱ्या नसतात. वस्तू रिकामी असते किंवा नसते. रिकाम्याहून रिकामी होत नाही. तेव्हा तिथे 'व्हेरी' लावू नये. साहेब खो खो हसला. महाराज हसले नाहीत.

साहेबाची गाडी वळली आणि हुकूम सुटला. माझ्या राज्यात राहून माझं न ऐकणारा हा शब्द कोण, असं त्यांनी विचारलं. रिकाम्याहून रिकामं मडकं मिळालं तर त्यांचं इंग्रजी खरं आणि शाळा चालू. न मिळालं तर शाळेला कुलूप आणि मी विलायतेला परत. म्हणजे शाळा वाचवायची तर मी चूक ठरायला हवं होतं, आणि त्याची मला मुळीच सवय नव्हती.

शाळा तरी काय, देवळामागची गळकी ओसरी. शेवटचा हत्ती वारल्यापासून ओस पडलेला हत्तीखाना महाराज शाळेला देणार होते. पाडव्याला देतो म्हणाले, मग अक्षय तृतीयेला, मग दसऱ्याला.

मी वर्गात सगळी हकिकत सांगितली आणि तत्त्वासाठी गाव सोडायला आपण तयार आहोत, असंही जाहीर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सुट्टी मिळेल असं वाटलं होतं.

तुळाजी कुंभाराची हौसा तेवढी उठून उभी राहिली. वर्गात सगळ्यांत थोरली, बापाशी भांडून शाळेत येणारी.

"मास्तर, तुम्ही तत्त्वासाठी जाल. आम्ही कुठं जायचं?"

मी कोरा फळा पुसायला घेतला.

"मडकं मी आणते. उद्या तुम्ही फक्त गप्प बसा. जमंल का?"

प्रयत्न करीन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हौसा दोन मडकी घेऊन दरबारात आली. पहिलं भाजलेलं, साधं, रिकामं. तिने त्यात ज्वारी ओतायला लावली. मडकं भरलं.

"सरकार, हे रिकामं होतं. आता न्हाई."

मग तिने दुसरं मडकं दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि त्यातही ज्वारी ओतायला सांगितली. ती सगळी खालून दिवाणजींच्या जोड्यांवर पडली.

"हे फुटकं आहे," दिवाणजी जोडे झटकत म्हणाले.

"फुटकं न्हाई, दिवाणजी. अजून पुरतं झालेलंच न्हाई. चाकावरून मडकं उतरतं ते बिनबुडाचं. मग आतून गोटा धरायचा आणि बाहेरून थापटून थापटून बूड मिटवायचं. हे आम्ही तसंच सुकवलं." ती महाराजांकडे वळली. "ते भरेपर्यंत रिकामं होतं, सरकार. हे भरलं तरी रिकामं."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "काय मास्तर? व्हेरी एम्टी?"

माझ्याजवळ या मुद्द्यावर तीन आक्षेप तयार होते. मी तोंड उघडलं. हौसाने माझ्याकडे पाहिलं.

"व्हेरी," मी म्हणालो.

महाराजांना आता आणखी वरची पायरी हवीशी झाली. याच्याहूनही रिकामं काही असेल तर दाखव, मागशील ते देतो, असं ते म्हणाले.

"आहे, सरकार. पण ते मला आणता यायचं न्हाई. ते तुमच्यापाशी आहे. बोलले तर रागावणार न्हाई ना?"

"नाही. बोल."

"हत्तीखान्याचं वचन. ह्या मडक्याला बूड नसलं तरी काठ तरी आहे."

दिवाणजी खाली वाकून ज्वारीचे दाणे निरखू लागले. मी मनात विलायतेचं सामान बांधायला घेतलं.

आणि महाराज हसले. आधी मिशीत, मग पोट धरून, मग डोळे पुसत. त्यांनी तिथल्या तिथे हत्तीखान्याची किल्ली मागवली. दरबारात पहिल्यांदाच गप्प बसल्याबद्दल मला शालजोडी दिली. मग उठून हौसापुढे आले, एका हाताने ते बिनबुडाचं मडकं उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने ती वीतभर लांब किल्ली त्यात टाकली.

हौसाने खाली ओंजळ धरलेलीच होती.