वेत कशासाठी नेतोस

पूर्वी सोमवटी नगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या कडेला, अरण्यात, एका बुरुडाच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुवेल. मोठा झाल्यावर त्याने तळ्याकाठी झोपडी बांधली. झोपडीत एक मडके, एक घोंगडी आणि एक कोयता, एवढेच. दिवसाकाठी एखादे सूप किंवा टोपली विणून झाली, की तो हात धुऊन पाण्यावरचे बगळे पाहत बसे. वस्तीतले लोक त्याला आळशी म्हणत. पोट भरलेले असल्यामुळे त्याला त्याचे काही वाटत नसे.

त्या बुरुडांची एक रीत होती. वेत तोडण्यापूर्वी वेतांच्या बेटावर, म्हणजे जुडग्यावर, हात ठेवायचा आणि तो कशासाठी नेतो, ते मोठ्याने सांगायचे. 'सुपासाठी नेतो', 'पाळण्यासाठी नेतो'. मगच कोयता चालवायचा.

पुढे राजाला जलक्रीडेसाठी सरोवर हवेसे वाटले. त्याने घरटी एक माणूस वेठीला धरला. ऐन पेरणीच्या दिवसांत लोक माती उपसू लागले, आणि मन शेतात असल्यामुळे रेंगाळू लागले. तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या दंडनायकाने बुरुडांना निरोप धाडला, "दर झोपडीमागे शंभर वेत द्या. चांगले लवचीक हवेत." ते कुणाच्या पाठीवर पडणार, हे न कळण्याइतके कोणी खुळे नव्हते.

शेजारच्या मांडव नावाच्या बुरुडाने बेटावर हात ठेवून 'टोपल्यांसाठी नेतो' असे सांगितले आणि शंभर वेत देऊन टाकले. बोधिसत्त्वाने एकही तोडला नाही.

"तूही तसंच म्हण की," मांडव त्याला म्हणाला. "वेताला काय कान असतात?"

"मला आहेत ना," बोधिसत्त्व म्हणाला.

दंडनायकाने त्याची झोपडी मोडली. दोन दिवसांत त्याने दुसरी बांधली. तीही मोडली, तेव्हा तो जांभळीखाली राहू लागला. ज्याचे सारे बिऱ्हाड एका घोंगडीत मावते, त्याचे घेऊन घेऊन घेणार काय? दंडनायक जेरीस आला आणि राजाकडे गेला.

राजा स्वतः अरण्यात आला. बुरूड आणि वेठीचे लोक भोवती गोळा झाले.

"सगळे देतात. तुलाच काय धाड भरली?" राजाने विचारले.

"महाराज, टोपल्या मागा, लागतील तेवढ्या विणून देईन. माणसाला मारायला वेत देणार नाही."

"मग पहिला तुझ्याच पाठीवर मोडतो." राजाने त्याला जांभळीला बांधायला लावले आणि मांडवाला आज्ञा केली, "ओला वेत तोडून आण. पन्नास फटके मारायचे आहेत."

बोधिसत्त्वाला भीती वाटली. ओला वेत कातडी कशी सोलतो, हे बुरुडाला कोणी सांगावे लागत नाही. तरी त्याने वेत द्यायचे कबूल केले नाही.

मांडवाने बेटावर हात ठेवला. 'टोपलीसाठी' म्हणायला त्याने सवयीने तोंड उघडले. पण सारी वस्ती ऐकत होती, आणि बांधलेला शेजारी त्याच्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच मांडवाला सोसवेना. तो हळूच म्हणाला, "सुवेलदादाच्या पाठीसाठी नेतो." एवढे बोलल्यावर त्याच्याने कोयता उचलवेना. तो खाली बसून रडू लागला.

राजाने दुसऱ्या बुरुडाला पाठवले. त्याने बेटावर हात ठेवला आणि काही न बोलता कोयता जमिनीवर ठेवला. बाकीचे जागचे हललेच नाहीत. तेव्हा दंडनायक संतापून कोयता घेऊन बेटाकडे निघाला.

राजा त्या रडणाऱ्या मांडवाकडे पाहत होता. तो दंडनायकाला म्हणाला, "थांब. कशासाठी नेतोस ते आधी बोल."

"राज्यासाठी, महाराज."

"राज्याला पाठ नसते," राजा म्हणाला. मग त्याने बोधिसत्त्वाला सोडवले आणि वेठ बंद केली. लोक पेरणीला गेले. सरोवर अर्धेच राहिले.

ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, पूर्वजन्मीचा मेळ घातला. तेव्हाचा राजा म्हणजे आजचा शिष्य आनंद, मांडव म्हणजे भिक्षू वारण, आणि सुवेल मी स्वतः, असे तो म्हणाला. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, ती हीच. दंडनायक कोण, हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि सभेतल्या पुष्कळांनी माना खाली घातल्या.