हैबतीची टाच

"याला समाधी नाही तर काय म्हणायचं, आक्का?"

हैबतीनं उजवी टाच पुढे केली. तिचं कातडं चांगलं चिंचोक्याएवढं कुरतडलेलं होतं.

"ध्यानाला बसलो होतो. उंदरानं टाच खाल्ली, आणि मला पत्ताच नाही! देहभान गेलं की हो माझं!"

"बसला होतास?"

"बसलोच होतो... मग जरा आडवा झालो."

येसूआक्का म्हणजे टेकडीवरच्या मठाची गुरू. सत्तरी उलटलेली बाई, सुपात ज्वारी निवडत होती. हैबती तीन वर्षं तिच्या हाताखाली शिकत होता. पण खालच्या वाडीच्या लोकांनी त्याची टाच काय पाहिली, त्याला महाराजच करून टाकलं! आज ते हार घेऊन अंगणात उभे होते. वाडीत नवा मठ, त्यात हैबतीची गादी. आक्कानं फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्या एका होकारात हैबतीचा सगळा जीव अडकला होता.

आक्कानं सूप खाली ठेवलं. लुगडं जरा वर सारलं आणि स्वतःची टाच त्याच्या नाकासमोर धरली.

तीही कुरतडलेली.

हैबतीनं हात जोडले. "आक्का, तुम्हीसुद्धा... समाधीत?"

"मी घोरत होते रे बाबा!" आक्का पोट धरून हसली. "आचाऱ्याची बघ, गड्याची बघ. या मठात एक टाच धड नाही. अरे, करंगळीएवढं भोक उंदराला पुरतं. एक दिसला की भिंतीत दहा असतात. आपल्या चुलीशी राहतात, आपल्याच पांघरुणात ऊब घेतात. आणि चावताना लबाड आधी फुंकर घालतो. मग हळूच एक दात. पुन्हा फुंकर. आपल्याला वाटतं, काय झकास झोप लागली!"

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठं तोंड लपवू असं झालं त्याला. तरी आक्काचं हसणं बघून त्यालाही हसू फुटलं.

तेवढ्यात अंगणातून गजर उठला, "हैबतीमहाराजांचा विजय असो!"

नाही म्हणता म्हणता त्याची मान ताठ झाली. चेहरा खुलला. डोळे आपोआप मिटले...

"मग आक्का," तो हळूच म्हणाला, "जाऊ ना मी?"

आक्कानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"काय रे, फुंकर गार वाटतेय ना?"