हमीपत्रातली एक ओळ

नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीला दहाच मिनिटं उरली होती. घाटाच्या वरच्या अंगाला गावाचा नाला खुशाल नदीत सांडपाणी ओतत होता आणि कालच्या सरावानंतर चार पोरी तापानं फणफणल्या होत्या.

"शर्यत थांबवा," त्यांच्या प्रशिक्षक इंदुताई मगदूम म्हणाल्या.

नगराध्यक्ष कडाडले, "पाणी एकदम स्वच्छ आहे! पोहा, नाहीतर तुमचा क्लब कायमचा बाद!"

इंदुताईंनी स्पर्धकांचं हमीपत्र पुढे केलं. "साहेब, यात लिहिलंय, 'पाण्यामुळे आजारी पडल्यास जबाबदारी माझी.' पाणी स्वच्छ आहे ना? मग ही ओळ तुमच्या हातानं खोडा आणि शेजारी सही करा. बाकीच्या पोरी लगेच उतरतील."

नगराध्यक्षांनी पेन उघडलं, नाल्याकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

मग माइकवर त्यांचाच आवाज घुमला, "खेळाडूंच्या आरोग्यासाठी आम्ही शर्यत पुढे ढकलत आहोत!"