होडी सुटली नाही तो दिवस

एका खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात भिवा नावाचा एक नावाडी राहत होता. माणसांना अलीकडून पलीकडे नेणं हा त्याचा धंदा. हात असा सराईत, की होडीत कुणी मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसलं तरी अंडं अंड्याला लागायचं नाही. पण भिवाला दारू लागली. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग होडीतच. शेवटी एके दिवशी त्याने सगुणाकाकीच्या लेकीचं अख्खं वऱ्हाड ओहोटीच्या चिखलात रुतवलं. मुहूर्त टळला. नवरीमुलगी शालू सावरत, गुडघाभर चिखल तुडवत काठाला आली. गावाने त्याच दिवशी भिवाच्या हातातलं वल्हं काढून घेतलं.

भिवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको मथुरा त्याला तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथे तो कण्हला, रडला, भांडला आणि हळूहळू माणसात आला. इकडे होडी वाळूवर पालथी पडून उन्हात वाळत होती आणि गावाला पुलावरून लांबचा वळसा पडत होता. म्हणून भिवा परतला तेव्हा गावचे मानकरी तुकाआप्पा म्हणाले, "पाडव्याला होडी पाण्यात घाल. नीट चालवलीस तर वल्हं तुझं. नाहीतर आम्ही दुसरा नावाडी बघू."

जो तो भिवाला म्हणायचा, "पार बरा झालास की रे." भिवाही मान डोलवायचा. खरं तर दुपार झाली की त्याचं तोंड कोरडं पडायचं. घरात भांडं पडलं तरी काळीज लक्कन हलायचं. पलीकडच्या काठावरचा दारूचा गुत्ता डोळ्यांपुढून जायचा नाही. पण बऱ्या झालेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला? तो गप्प राहिला. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी अधूनमधून येत जा म्हणून बजावलं होतं, तिकडेही तो फिरकला नाही. गेलो तर लोक म्हणतील, याचं अजून काहीतरी बाकी आहे.

होडीच्या बाबतीतही त्याने तेच केलं. वाळलेली होडी आधी उथळ पाण्यात भिजत ठेवायची असते, हे खाडीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण भिवाला धीर कुठला? त्याने तिला झकास निळा रंग फासला, नारळ फोडला आणि पाडव्याच्या सकाळी माणसं बसवून थेट पाण्यात लोटली.

होडी काठापासून थोडी पुढे गेली नाही, तोच फळ्यांच्या फटींतून पाणी आत आलं. सणाची नवी लुगडी, धोतरं वर धरून माणसं भराभर उतरली.

"रंग मात्र छान बसलाय हो," कुणीतरी म्हणालं, आणि काठावर हशा पिकला.

तुकाआप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "होडी कुजली का रे?"

"नाही आप्पा. लाकूड चांगलं आहे. वाळलंय, म्हणून गळतंय. थोडे दिवस पाण्यात राहिली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. तोवर आत येईल ते उपसत राहायचं. फक्त एकटी सोडायची नाही, नाहीतर..."

भिवा बोलता बोलता थांबला. आपण हे होडीचं सांगतोय की आपलं, हे त्याचं त्यालाच कळेना. वल्हं हातात होतं. गप्प बसला असता तर कदाचित ते हातातच राहिलं असतं. त्याने ते वाळूवर ठेवलं.

"आप्पा, मी बरा झालो असं तुम्ही म्हणता, मीही म्हणतो. पण मला अजून तलफ येते. दुपारी जास्त येते. भीती वाटते. हे मी मथुरालासुद्धा सांगितलेलं नाही."

"मला ठाऊक होतं," मथुरा म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

काठावर कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "ऐकलंत? दुसरा नावाडी बघा आता."

तेव्हा सगुणाकाकी पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही वऱ्हाडाचं उट्टं काढणार. ती म्हणाली, "होडीतलं पाणी उपसायला माणूस बसवतोच ना आपण? मग याच्याजवळही दुपारचं कुणीतरी बसा. मी बसेन. नाहीतरी दुपारी मला झोप येत नाही."

असं ठरलं. होडी उथळ पाण्यात भिजत राहिली. दुपारी भिवाजवळ कधी काकी, कधी आप्पा, कधी मथुरा बसू लागली. डॉक्टरीणबाईंकडे जाणंही त्याने पुन्हा सुरू केलं. फटी मिटल्या, आप्पांनी वल्हं पुन्हा भिवाच्या हाती दिलं आणि होडी चालू लागली. तरी गावातली निम्मी माणसं अजून पुलावरूनच जायची. वऱ्हाड कुणी विसरलं नव्हतं.

एके दिवशी पलीकडे बाजार होता. काठावर टोपल्या, कोंबड्या, माणसं यांची ही गर्दी. भिवा आला, वल्ह्याला हात घातला आणि तसाच उभा राहिला. सकाळपासून त्याच्या मनाने उचल खाल्ली होती. पलीकडे उतरलो की पाय गुत्त्याकडेच वळणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"आज मी होडी सोडत नाही," तो म्हणाला. "आज माझा मला भरवसा नाही. आप्पा, वल्हं तुमच्याकडे ठेवा. उद्या मागायला येईन."

लोक चिडले. बाजार चुकणार, मासळी नासणार. भिवा मान खाली घालून उभा राहिला, पण वल्ह्याला त्याने पुन्हा हात लावला नाही.

सगुणाकाकीने टोपली डोक्यावर घेतली. "गेल्या वेळी चिखलात बसवलंस, या वेळी काठावर बसवलंस," ती म्हणाली. "काठ बरा. चला गं, पुलावरून जाऊ."

कुरकुरत का होईना, माणसं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भिवा वल्हं मागून घेऊन काठावर आला, तर रोज पुलावरून जाणारी माणसंही तिथे येऊन उभी होती. वऱ्हाड रुतलं तेव्हा गेलेला विश्वास, होडी सुटली नाही त्या दिवशी परत आला होता.

तात्पर्य: व्यसन सुटलं म्हणजे मन लगेच पक्कं होत नाही. वरून बरेपणाचा रंग फासण्यापेक्षा आतली गळती आपल्या माणसांना वेळेवर सांगावी. 'आज मला जमत नाही' असं म्हणू शकतो, तोच माणूस भरवशाचा.