दाजीसाहेबांचा टाइम आउट

कॉलेज दाजीसाहेबांचं, मैदान त्यांचं, पंचही त्यांनीच बोलावलेले. मग कबड्डीचा नियम तेवढा दुसऱ्याचा कसा असेल? मुलींचा अंतिम सामना बरोबरीत होता. पाहुण्या संघाच्या मथुराची शेवटची चढाई चालू होती आणि समोर यजमानांची एकच मुलगी उरली होती. ती कोपऱ्यात सापडलेली दिसताच दाजीसाहेब सोफ्यावरून उठले, रेषा ओलांडून थेट आत आले आणि गरजले, "टाइम आउट!"

चालू चढाईत खेळ थांबवता येत नाही, हे पंचांना ठाऊक होतं. तरी त्यांनी शिटी ओठांना लावली.

मथुराने दम सोडला नाही. "कबड्डी, कबड्डी" म्हणतच ती वाकली, दाजीसाहेबांच्या पायांना हात लावून तिने नमस्कार केला आणि मधली रेषा गाठून पंचांना म्हणाली, "सर, एक गडी बाद."

"मी काय खेळाडू आहे?" दाजीसाहेब कडाडले.

"नसाल, तर टाइम आउट कुठल्या हक्काने मागितलात, साहेब?" मथुरा शांतपणे म्हणाली. "आणि असाल, तर बाद झालात. कसंही धरलं तरी तुमची जागा रेषेबाहेर."

पंचांनी न वाजवलेली शिटी खाली घेतली आणि दाजीसाहेबांना हाताने रेषा दाखवली.